ट्री पिओनी: लावणीपासून पहिल्या फुलापर्यंत

कोकणात वाढलेल्या माणसाच्या हाताला एक सवय असते. आंब्याचं कलम खड्ड्यात ठेवलं की आधी जोड कुठे आला ते बघायचं. जोड मातीच्या चांगला वर राहिला पाहिजे, गाडला गेला तर ओलीनं कुजतो. बाबांनी आम्हाला हे लहानपणीच शिकवलं होतं. न्यू जर्सीत घर घेतल्यावर पहिलं ट्री पिओनीचं कलम मी याच सवयीनं लावलं, जोड वर ठेवून. दोन वर्षं झाड कसंबसं तगलं. तिसऱ्या वसंतात गुलाबी फुलं आली. मी तर पांढरी ‘रेनकाकू’ लावली होती! उकरून पाहिलं तेव्हा वरची काडी वाळून गेली होती आणि खालच्या खुंटाची फूट जोमात होती. हापूस गेला होता आणि रायवळ राहिलं होतं.

या झाडाचा जोड जमिनीखाली जातो, तोही पृष्ठभागापासून १० ते १५ सेंटीमीटर खाली. फोनवर हे सांगितलं तेव्हा बाबांना पटेना. “अगं, जोड मातीत गाडला तर कलम जगेल कसं?” मग मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. ट्री पिओनीची काडी साध्या, मऊ देठाच्या पिओनीच्या मुळावर बांधतात. ते मूळ काडीला पहिली दोन-तीन वर्षं पोसतं. तेवढ्यात मातीत गेलेल्या काडीला स्वतःची मुळं फुटतात आणि झाड स्वतःच्या पायावर उभं राहतं. बाबा थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “म्हणजे खुंट ही दाई. आई नव्हे.” या झाडाबद्दल इतकं नेमकं मी दुसरीकडे कुठे ऐकलेलं नाही. पुढचं बहुतेक सगळं याच एका गोष्टीवर उभं आहे.

हे झाड कोणतं, आणि आपल्याकडे येईल का

पिओनी म्हटलं की बहुतेकांना आठवते ती मे-जूनमध्ये फुलणारी, हिवाळ्यात जमिनीपर्यंत मरून वसंतात पुन्हा उगवणारी पिओनी. ट्री पिओनी वेगळी. नावात ट्री असलं तरी ते झुडूप आहे, चार ते सहा फूट उंच. त्याच्या फांद्या लाकडी असतात. हिवाळ्यात पानं गळतात, फांद्या उभ्या राहतात आणि त्या फांद्यांवरच पुढच्या वर्षीच्या कळ्या असतात. फूल वीतभर रुंद, काही जातींत त्याहूनही मोठं, आणि पाकळ्या धुवून नुकत्याच वाळवलेल्या मलमलीसारख्या.

मूळ चीनचं. तिथे याला मुदान म्हणतात, जपानात बोतान. हनान प्रांतातलं लोयांग शहर तांग काळापासून मुदानसाठी प्रसिद्ध आहे आणि आजही एप्रिलमध्ये तिथे मुदानचा उत्सव भरतो. सोंग काळातला विद्वान ओउयांग शिऊ याने ११व्या शतकात लोयांगच्या मुदानवर लिहून ठेवलं. कलम कसं बांधावं, पाणी कसं द्यावं, हेही त्यात आहे. हजार वर्षांपूर्वीचे माळी याच कामात गुंतले होते हे कळल्यावर मला सिकेटर (छाटणीची कात्री) हातात धरताना वेगळंच वाटायला लागलं.

पुण्यातून, नाशकातून मला विचारणा होते, म्हणून स्पष्ट सांगते: महाराष्ट्रात आणि गोव्यात हे झाड लावू नका. कळ्या जाग्या व्हायला त्याला हिवाळ्यात कित्येक आठवडे ५ अंशांच्या आसपास किंवा त्याखालची थंडी लागते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाजवळ एखाद्या पहाटे दव गोठतं, पण एक-दोन पहाटांनी याचं भागत नाही. रोप विकत मिळालं तरी एक-दोन हंगामांत झुरून जातं. भारतात पिओनी पाहायचीच असेल तर काश्मीर, हिमाचल किंवा उत्तराखंडात जा. तिथल्या डोंगरउतारांवर हिमालयातली पांढरी रानपिओनी फुलते. ती मऊ देठाची, पण याच कुळातली.

अमेरिकेत झोन ४ ते ८ (हिवाळ्यातल्या थंडीनुसार पाडलेले हवामानाचे पट्टे), कॅनडाचा दक्षिण भाग, ब्रिटन, जर्मनी, नेदरलँड्स अशा ठिकाणी राहणाऱ्या आपल्या मंडळींना मात्र हे सहज जमण्यासारखं आहे. साध्या पिओनीपेक्षा याला थंडी थोडी कमी पुरते, त्यामुळे सौम्य हिवाळ्याच्या भागातही करून बघायला हरकत नाही. मेलबर्नकडच्या लोकांनी पुढचे सगळे महिने सहाने पुढे ढकलून वाचावेत.

रोप घेताना

लावणीचा काळ शरद ऋतू, म्हणजे सप्टेंबरच्या शेवटापासून जमीन गोठायच्या आधीपर्यंत. याच काळात चांगल्या रोपवाटिका माती झाडलेली, उघड्या मुळांची कलमं पाठवतात. मी तीच घेते. वसंतात दुकानांत रंगीत खोक्यात किंवा प्लास्टिकच्या पिशवीत मिळणारी कलमं स्वस्त असतात, पण बहुतेक एक वर्षाचीच. काडी करंगळीएवढी, मूळ अर्धं सुकलेलं. ती जगली तरी फुलायला पाच-सहा वर्षं घेतात. तीन वर्षांचं कलम मागा. दोन-तीन फांद्या हव्यात, त्यांच्यावर टपोरे डोळे हवेत, मुळं गाजरासारखी कडक हवीत. मूळ दाबल्यावर मऊ लागलं किंवा जोडावर बुरशी दिसली तर परत करा.

पहिल्यांदा लावणाऱ्यानं जपानी जाती घ्याव्यात असं माझं मत आहे. फूल सुटसुटीत, दांडा ताठ, पावसात मान टाकत नाही. पांढऱ्यात रेनकाकू, गुलाबीत हानाकिसोई, लालात ताइयो, आणि लाल-पांढऱ्या पट्ट्यांची शिमानिशिकी. चिनी जाती भरगच्च पाकळ्यांच्या आणि बऱ्याचदा सुगंधी असतात, पण फूल इतकं जड होतं की पानांत तोंड लपवतं. पिवळा हवा असेल तर ‘हाय नून’. अमेरिकेत प्रोफेसर साँडर्स यांनी तयार केलेली ही जात १९५२ सालची, आणि अजूनही तिच्याइतकी भरवशाची पिवळी मला दिसलेली नाही. उन्हाळ्याच्या शेवटी ती कधी कधी पुन्हा एखाद-दुसरं फूल देते. कडक थंडीत राहत असाल तर ‘रॉक’च्या जाती बघा. जोसेफ रॉक या वनस्पती-संग्राहकाला १९२०च्या दशकात चीनच्या गान्सू प्रांतातल्या चोनी मठात हे झाड सापडलं, तिथून त्यानं बी पाठवलं. पाकळीच्या तळाशी गडद जांभळा डाग ही त्याची खूण.

‘इतो’ नावाची पिओनीही बाजारात दिसेल. तोइची इतो या जपानी माणसानं १९४८ साली साध्या पिओनीचा आणि ट्री पिओनीचा संकर साधला. त्याची फुलं उमलली तोवर ते हयात नव्हते. झाड सुंदरच, पण त्याची निगा वेगळी. ते शरदात जमिनीजवळ कापायचं असतं. ट्री पिओनी तशी कापायची नाही. घेताना चिठ्ठी नीट वाचा.

जागा आणि माती

एकदा लावलं की हे झाड पन्नास वर्षं आणि त्याहून जास्तही त्याच जागी राहू शकतं. त्यामुळे रोप घ्यायच्या आधी जागा ठरवा. पाच-सहा तास ऊन, दुपारी तीननंतर सावली, अशी जागा सगळ्यात चांगली. दिवसभराच्या कडक उन्हात झाड वाढतं, पण फूल दोन दिवसांत कोमेजतं आणि रंग उडतो. मोठ्या झाडाच्या मुळांशी स्पर्धा नको, त्यामुळे मेपलच्या अगदी बुंध्याशी लावू नका. दोन झाडांत चार-पाच फूट अंतर ठेवा.

निचरा नसेल तर बाकी काहीही करून उपयोग नाही. आमच्या मध्य जर्सीची माती लाल. पहिल्या दिवशी ती पाहून मला घरची आठवण आली होती. पण कोकणातली जांभ्याची माती पाणी पिऊन सोडून देते, ही चिकणमाती धरून ठेवते. तुमची माती कशी ते असं बघा: दीड फूट खोल खड्डा खणा, पाण्यानं भरा, जिरू द्या. पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी चार-पाच तासांत जिरलं तर ठीक. दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी दिसत असेल तर त्या जागी खड्डा करून लावूच नका. फूटभर उंच वरंबा किंवा वाफा बांधा आणि त्यावर लावा. चिकणमातीत नुसता खड्डा खणून त्यात छान माती भरली तर तो खड्डा नव्हे, हौद होतो. माझं दुसरं झाड अशाच हौदात गेलं.

माती किंचित आम्ल ते उदासीन, सामू ६.५ ते ७ च्या मधला हवा. आमच्याकडची माती जास्त आम्ल निघाली. रटगर्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत नमुना तपासून घेतला आणि त्यांनी सांगितला तेवढाच चुना लावणीच्या दोन महिने आधी मिसळला. अंदाजानं चुना टाकू नका. अझेलिया (आम्ल माती आवडणारं फुलझुडूप) आणि ट्री पिओनी शेजारी लावण्याचा मोह टाळा, दोघींची मातीची आवड वेगळी.

लावणी

खड्डा दोन फूट रुंद, दोन फूट खोल. निघालेल्या मातीत पूर्ण कुजलेलं कंपोस्ट एक तृतीयांश मिसळा आणि दोन मुठी बोनमील (हाडांचा चुरा). ताजं शेणखत मुळीच नको, मुळं जळतात आणि बुरशीला आमंत्रण मिळतं.

कलम हातात घेऊन जोड शोधा. काडी आणि मूळ यांच्या मध्ये थोडी जाड, गाठीसारखी जागा दिसते. खाली मूळ फिकट, गुळगुळीत आणि जाड. वर काडी करडी, सालीला चिरा. कधी जोडाला गुंडाळलेली पट्टी अजून असते, ती काढा. खड्ड्यात मधोमध मातीचा उंचवटा करून मुळं त्यावर पसरा. खड्ड्यावर आडवी काठी ठेवा आणि काठीपासून जोडापर्यंत मोजा. १५ सेंटीमीटर भरले पाहिजेत. हलकी माती असेल तर थोडं जास्त चालेल, भारी मातीत १० पुरे. अर्धी माती भरली की एक बादली पाणी ओता, पाणी ओसरू द्या, मग उरलेली माती. पायानं दाबू नका, मुळं ठिसूळ असतात. पाण्यानं माती आपोआप बसते. बसल्यावर पुन्हा एकदा मोजा.

वर एक-दोन फांद्यांची टोकं आणि चार डोळे एवढंच दिसेल. बघून कसनुसं वाटतं, पण ते बरोबर आहे.

जमीन गोठल्यावर पहिल्या हिवाळ्यापुरतं चार बोटं जाडीचं पालापाचोळ्याचं किंवा पेंढ्याचं आच्छादन घाला. गोठणं-वितळणं चालू राहिलं तर नवं रोप जमिनीतून वर उचललं जातं, ते थांबवायला हे लागतं. आच्छादन फांद्यांना टेकवू नका, आणि मार्चमध्ये काढून टाका.

पहिली तीन वर्षं

पहिल्या वसंतात कळी आली तर खुडा. अवघड जातं, मला माहीत आहे. पण त्या वर्षी झाडाची ताकद मुळांकडे जाऊ द्यायची असते. दुसऱ्या वर्षी एक ठेवा. तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून खरी फुलं सुरू होतात, आणि फुलाचा खरा आकारही तेव्हाच कळतो.

पाणी पहिल्या दोन उन्हाळ्यांत आठवड्यातून एकदा, खोलवर. रोज थोडं शिंपडण्यानं मुळं वरच राहतात. पाणी बुंध्याशी द्या, पानांवर नको. तीन वर्षांनी झाड कोरडा उन्हाळा सोसतं, पण जुलै-ऑगस्टमध्ये पुढच्या वर्षीच्या कळ्या तयार होत असतात, तेव्हा महिनाभर पाऊस नसेल तर जुन्या झाडालाही पाणी द्या.

खत कमीच द्या. मार्चमध्ये कोंब हलले की आणि पुन्हा फुलं संपल्यावर, कमी नत्राचं, ५-१०-१० (नत्र-स्फुरद-पालाश) सारखं खत मूठभर, बुंध्यापासून वीतभर लांब पसरून. शरदात कंपोस्टचा पातळ थर. लॉनवर टाकायचं खत पिओनीवर उडू देऊ नका. नत्र जास्त झालं की पानांचा डोंगर होतो, फूल येत नाही आणि कोवळ्या देठांवर बुरशी चढते.

कात्री कधी, कुठे

सगळ्यात जास्त झाडं इथे बिघडतात. आमच्या ओळखीच्या एका घरी नोव्हेंबरात बागेची साफसफाई करायला माणसं आली आणि साध्या पिओनीबरोबर ट्री पिओनीही जमिनीलगत कापून गेली. सहा वर्षांचं झाड. मैत्रीण रडतच फोनवर बोलत होती. मी विचारलं, जोड किती खोल होता? नीट गाडलेला होता. वसंतात मातीखालच्या डोळ्यांतून पाच कोंब वर आले आणि दोन वर्षांनी झाड पुन्हा फुललं. जोड वर असता तर फक्त खुंट उगवला असता.

तेव्हा शरदात फक्त पानं काढायची. देठ वाळला की पान बोटानं हलकेच खाली ओढलं की सुटतं. नाही सुटलं तर आठवडाभर थांबा. देठाच्या बगलेतच लालसर डोळा असतो, ओढाताणीत तो तुटतो.

छाटणी मार्चअखेरीस, डोळे फुगल्यावर. जिवंत काय आणि मेलेलं काय हे तेव्हा नजरेला दिसतं. शंका आली तर सालीवर नखानं हलकं खरवडा, खाली हिरवं असेल तर हात लावू नका. गेल्या वर्षी फूल आलेल्या फांदीचा वरचा काही इंच भाग दरवर्षी वाळतोच. हा रोग नव्हे, झाडाची रीतच आहे. तेवढा भाग जिवंत डोळ्याच्या किंचित वर, तिरका कापा. झाड खालून मोकळं, काड्या-काड्या दिसत असेल तर एखादी उंच फांदी खालच्या डोळ्यापर्यंत आणा, एका वर्षी एकच.

खुंटाची फूट ओळखणं

पहिली पाच वर्षं दर वसंतात बुंध्याशी वाकून बघा. जमिनीतून येणारा प्रत्येक कोंब वाईट नसतो. ट्री पिओनी स्वतःही खालून नवे कोंब देते आणि त्यांनीच झाड भरतं. फरक पानात आहे. ट्री पिओनीचं पान निळसर हिरवं, बिनचमकीचं, टोकाची पानं दोन-तीन बोटांत चिरलेली. खुंटाचं पान गडद, तुकतुकीत, लांबट आणि कडा अखंड. अजून खात्री नसेल तर हिवाळ्यापर्यंत थांबा. खुंटाची फूट जमिनीपर्यंत मरते, ट्री पिओनीची काडी उभी राहते.

खुंटाची फूट वरून कापली तर पुढच्या वर्षी दुपटीनं येते. माती बाजूला सारत तिच्या उगमापर्यंत जा आणि तिथून उपटून काढा.

रोग

एप्रिल-मेमध्ये सतत पाऊस आणि गारवा असला की करडी बुरशी येते. कालपर्यंत ताठ असलेला कोवळा कोंब सकाळी मान टाकतो, बुडाशी तपकिरी-काळा पट्टा दिसतो, कळ्या तपकिरी होऊन आतल्या आत कुजतात. वाट बघू नका. निरोगी लाकडापर्यंत कापा, पिशवीत बांधून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको. प्रत्येक काप घेतल्यावर पातं स्पिरिटनं पुसा. खरा उपाय मात्र शरदातल्या साफसफाईत आहे: गळलेलं एकही पान बुंध्याशी राहू द्यायचं नाही, कारण बुरशी त्यातच हिवाळा काढते. दरवर्षी त्रास होत असेल तर कोंब फुटताना तांब्याचं बुरशीनाशक फवारा.

वाटाण्याएवढ्या कळ्या नुसत्या वाळून राहिल्या तर तो बहुधा रोग नसतो. रोप लहान असतं, पाणी कमी पडलेलं असतं किंवा उशिरा दव गोठलेलं असतं. कळ्यांवर मुंग्या दिसल्या तर त्यांना राहू द्या. कळीवरचा गोड रस खाऊन त्या निघून जातात, अपाय करत नाहीत. हरणं सहसा याला तोंड लावत नाहीत, आणि जर्सीत राहणाऱ्यांना हे किती मोठं सुख आहे ते सांगायला नको.

फुलांचे दिवस

आमच्याकडे एप्रिलच्या शेवटी ते मेच्या मध्यापर्यंत, साध्या पिओनीच्या दोन आठवडे आधी. कोंब लवकर निघतात म्हणून उशिराच्या गोठत्या रात्रींची भीती असते. हवामानाचा अंदाज बघून झाडावर जुनी चादर टाका, सकाळी ऊन चढायच्या आत काढा. पहाटेचं थेट ऊन गोठलेल्या कळीला जास्त जाळतं, त्यामुळे थंड भागात भिंतीची पूर्व बाजू टाळलेली बरी.

एका फुलाचं आयुष्य आठवडाभर, संपूर्ण झाडाचं दहा दिवस. तेवढ्यात एक वादळी पाऊस आला की सगळं संपतं. जपानातल्या बोतानच्या बागांत फुलांवर कागदी छत्र्या उभ्या करतात. टोकियोत उएनो तोशोगू देवळाच्या बागेत तर भर हिवाळ्यात फुलवलेल्या बोतानवर गवताच्या लहान झोपड्या बांधतात. मी आमची जुनी काळी छत्री बांबूला बांधून रेनकाकूवर उभी करते. पाऊस छत्रीवर वाजतो आणि खाली त्या पांढऱ्या पाकळ्या कोरड्या राहतात, मधले सोनेरी केसर हललेलेही नसतात.

फुलदाणीसाठी लांब दांडा कापू नका, त्या दांड्यावर पुढच्या वर्षीचे डोळे आहेत. फूल आखूड देठाचं घ्या आणि पसरट वाडग्यात पाण्यावर तरंगत ठेवा.

हलवायचं असेल, किंवा बी लावायचं असेल

मोठं झाड हलवायचं तर फक्त शरदात, शक्य तेवढा मोठा मातीचा गोळा घेऊन. पुढची दोन वर्षं ते रुसून बसेल, फुलाची अपेक्षा ठेवू नका. कुंडीत हे झाड रमत नाही. लावायचंच तर दोन फूट खोल, भोकं मोठी असलेली कुंडी घ्या आणि पाणी साचू देऊ नका.

ऑगस्टमध्ये चांदणीच्या आकाराच्या शेंगा तडकतात आणि आत काळ्या, चमकदार बिया दिसतात. बी टणक व्हायच्या आत, तपकिरी असतानाच घ्या आणि लगेच तीन सेंटीमीटर खोल लावा. पहिल्या वर्षी फक्त मूळ निघतं, वर काहीच दिसत नाही. एक हिवाळा गेल्यावर कोंब येतो, कधी दुसराही हिवाळा लागतो. फुलायला पुढे पाच वर्षं तरी, आणि फूल आईसारखं येईलच असं नाही. तोवर कुंडीवर तारीख आणि नाव पक्क्या शाईनं लिहून ठेवा, नाहीतर घरातलं कोणीतरी रिकामी समजून त्यात कोथिंबीर पेरतं.